पोत्याच्या तळाला घातलेला हात

जाईबाईंना मी तेव्हा एकेरीत हाक मारायचो. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि मला ‘तुमी’ म्हणायच्या. गावात ते तसंच चालायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि त्यांना काय वाटतं हे विचारायची मला कधी गरज पडली नाही. आता लिहायला बसलो तर हात आपसूक ‘त्या’ लिहितो. उशीर झालाय, पण लिहू दे.

आमच्या वाशी गावात, तेरखेड्याच्या बाजूला, सहकारी सोसायटीचं धान्य-किराणा दुकान होतं, तिथं मी मापाडी होतो. तागडी माझ्या हातात, म्हणून मिजासही तेवढीच. दुकानात डाव्या हाताला रेशनचा माल आणि उजव्या हाताला, भिंतीशी चार पोती मावतील एवढ्या जागेत, ‘गावरान’. ती कल्पना चेअरमन बलभीमरावांची. सत्तर सालाच्या आसपास शिवारात सरकारी खत आलं, फवारे आले, धान्यात घालायच्या पावडरी आल्या. पीक वाढलं यात खोटं नाही. पण मास्तर, तलाठी, पोस्टातले लोक दुकानात येऊन हळूच विचारायचे, शेणखतावरची ज्वारी आहे का, बिनपावडरीची तूर आहे का. घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असली की ज्याला त्याला तेच हवं असायचं. बलभीमराव म्हणाले, आपल्याच भागातले शेतकरी, आपलीच गिऱ्हाइकं, मग मधे व्यापारी कशाला? शेतकऱ्याला दोन पैसे जास्त देऊ आणि तेच धान्य इथं विकू.

कल्पना चांगली होती. अडचण एकच. पोत्यातलं धान्य शेणखतावरचं की कसलं, त्याला पावडर लागलीय की नाही, हे सांगणार कोण? शेतकरी महादेवाची आण घेऊन मोकळा व्हायचा. आण घ्यायला काय लागतं?

म्हणून जाईबाईंना कामावर घेतलं.

त्या बौद्ध वस्तीतल्या. त्यांचं लहानपण पाटलांच्या खळ्यावर गेलं होतं. आईबाप खळं झाडायचे, राखायचे, आणि बलुतं म्हणून त्यांच्या पदरात पडायचं ते राशीच्या तळाचं: मातेरं, किडकं, जमिनीतल्या पेवाच्या बुडाला काळं पडलेलं. छप्पन साली धर्मांतर झालं आणि घरानं ते काम टाकलं ते कायमचं. पण वीस वर्षं खराब धान्य खाऊन जीभ तयार झाली होती, ती कुठं जाणार? चिमूटभर दाणे त्या तोंडात टाकायच्या, दाढेखाली फोडायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, ‘ह्ये पेवातलं हाय, तीन सालाचं.’ ‘ह्याला राख लावून ठिवलंय, चांगलं हाय.’ ‘ह्याला पावडर हाय, मागारी न्या.’ मग बाहेर जाऊन थुंकायच्या आणि चूळ भरायच्या. पहिल्याच महिन्यात बलभीमरावांनी पाच वाट्यांत पाच ठिकाणची ज्वारी ठेवून त्यांची परीक्षा घेतली. चार वाट्या त्यांनी बिनचूक सांगितल्या आणि पाचव्या वाटीत दोन शेतांचं मिसळलंय म्हणाल्या. मिसळलं मीच होतं, त्यांची फजिती बघायला. फजिती माझी झाली.

जे पोतं जिभेला पटेल त्याच्या तोंडाशी त्या लिंबाचा डहाळा खोचायच्या. डहाळा असला तरच मी तागडी उचलायची, नाहीतर नाही, असा दुकानाचा नियम. गिऱ्हाईक पोत्याकडं बघायचंच नाही, डहाळा बघून पिशवी पुढं करायचं.

सुरुवातीला कुरकुर झाली. बौद्ध बाईनं हाताळलेलं धान्य घरात न्यायचं कसं? मग कुणीतरी तोडगा काढला की कोरडं धान्य बाटत नाही. तो तोडगा सगळ्यांनाच सोयीचा होता, आमच्या घरालाही. माझ्या आईचं, लक्ष्मम्माचं, माहेर उमरग्याकडचं, कानडी मुलखाला लागून, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. अव्वा गावरान ज्वारीचं तोंड भरून कौतुक करायची, आणि जाईबाई कधी निरोप घेऊन आल्या तर त्यांना पायरीखाली उभं करायची.

बाहत्तर साली आभाळानं हात वर केले. खरीप गेलं आणि रब्बीची पेरणीच झाली नाही. लोकांनी बियाणं पेरायला तयार करून ठेवलं होतं, ते घरातच पडून राहिलं. निम्मं गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलं. रेशनला लाल मिलो, परदेशातली ज्वारी, आली. तिची भाकरी थापता थापता फाटायची आणि खाल्ली की पोटात धोंडा होऊन बसायची. ‘गावरान’च्या चार पोत्यांच्या जागी आठवड्याला एक आलं तरी नशीब समजायचं. बलभीमरावांनी नवा नियम केला. गावरान ज्वारी फक्त नर्सबाईच्या चिठ्ठीवर. बाळंतीण आणि आजारी, एवढ्यांनाच, माणशी दोन किलो.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत माझी बायको जगदेवी बाळंत झाली. मुलगी झाली. जगदेवीला मिलो पचेना. खाल्लेलं अंगी लागेना, दूध आटत चाललं, आणि पोरगी भुकेनं टाहो फोडायची. चिठ्ठी माझ्या खिशात होती, पण दोन आठवडे गावरानचं पोतंच आलं नव्हतं. खिशातली ती चिठ्ठी घडी घालघालून मऊ पडली होती. सोसायटीचा मापाडी, हातात तागडी, आणि बायकोसाठी दोन किलो ज्वारी मिळत नाही. या गोष्टीचा मला राग यायचा. कुणावर यायचा ते सांगता येत नाही, पण यायचा.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, शेजारच्या वाडीचा श्रीपती बैलगाडीत एक पोतं घालून आला. एक पोतं गावरान विकून त्याच पैशांत दोन पोती मिलो न्यायची, असा तेव्हा बऱ्याच जणांचा बेत असायचा. श्रीपतीला मी ओळखत होतो. कोरडवाहू माणूस, शेणखताशिवाय दुसरं खत त्याला परवडायचंच नाही. चिठ्ठीवाले पाच जण सकाळपासून ओट्यावर बसून होते. सहावा मी.

जाईबाई आल्या त्या नाकाला पदर लावूनच. पडशानं डोळे सुजलेले, आवाज बसलेला. त्यांनी दाणे तोंडात टाकले, चावले, थुंकून आल्या, पुन्हा टाकले. मग माझ्याकडं वळल्या.

‘वीरप्पा, आज मला काय बी कळंना. तोंडात माती घातल्यावानी झालंया. तुमी जरा तळापातूर हात घालून बघा. ओल हाय का, वास हाय का. तुमी बरं हाय म्हणलात तर डहाळा खोचते.’

मी बाही वर केली आणि हात घातला. वरचे दाणे खडखडीत. कोपरापर्यंत खडखडीत. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा बोटं तळाला लागली, आणि तिथं ओल होती. ओली कच्च नव्हे, पण दमट. दाणे बोटांना चिकटत होते.

इथं जरा थांबून सांगतो, कारण नंतर माझ्या बाजूनं बोलणारे लोक पुष्कळ निघाले. मला कळलं होतं. त्या सालात आभाळातून थेंब पडला नव्हता, मग पोत्याला ओल येणार कुठून? ओल म्हणजे धान्य धुतलेलं. आणि विकायचं धान्य माणूस उगीच धूत नाही, त्याच्यावर काहीतरी बसलेलं असल्याशिवाय. शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंही चाललं होतं. हे पोतं परत गेलं तर आणखी आठ दिवस काही नाही. मग मी मनाशी म्हटलं, गाडीत घागर कलंडली असेल. मग म्हटलं, बैलानं तोंड घातलं असेल. आपल्याला हवं असलं की कारणं कशी भराभर सुचतात, ते मी त्या दिवशी पोत्यात हात घालून शिकलो.

हात बाहेर काढला, पायजम्याला पुसला आणि म्हणालो, ‘खडखडीत हाय. खोच डहाळा.’

जाईबाईंनी माझ्याकडं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. डहाळा खोचला, पदरानं नाक पुसलं आणि घरी गेल्या. मी पाच जणांना दोन-दोन किलो जोखून दिलं आणि शेवटी माझी पिशवी भरली. उरलेलं पोतं भिंतीशी ठेवलं. घरी जाताना जीव हलका झाला होता असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नव्हतं. पिशवी अव्वाच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘दोन पाण्यानं धुऊन घे.’ अव्वा म्हणाली, ‘डहाळ्याचं धान्य कशाला धुवायचं? आन् पानी कुठंय?’ मी सदरा काढून खुंटीला अडकवला.

गिरणी त्या आठवड्यात डिझेलवाचून बंद होती. पण अव्वा गिरणीवर कधीच विसंबून नव्हती. तिनं संध्याकाळीच जातं मांडलं.

शुक्रवारी भल्या पहाटे मला गाडी घेऊन तेरखेड्याला जायचं होतं. मिलोचा ट्रक मोठ्या रस्त्यावर तिथंच खाली व्हायचा. मी निघालो तेव्हा घरात सगळी झोपलेली होती. तव्यावर काही पडलं नव्हतं, एवढं बघून गेलो. उठवून सांगावं असं दोनदा मनात आलं. काय सांगायचं, हे काही सुचलं नाही, आणि बैल जुंपलेले होते.

इकडं जाईबाईंनी रात्री ओव्याची धुरी घेतली होती. सकाळी नाक मोकळं झालं. त्यांची एक पद्धत होती. डहाळा खोचलेल्या प्रत्येक पोत्यातले मूठभर दाणे त्या चिंधीत बांधून घरी न्यायच्या आणि ते पोतं संपेपर्यंत जपून ठेवायच्या. कुणी तक्रार घेऊन आला तर पुन्हा चाखून बघायला. त्या सकाळी तक्रार कुणाचीच नव्हती. तरी आदल्या दिवशी चव लागली नाही याची रुखरुख होती, म्हणून त्यांनी चिंधी सोडली आणि चार दाणे तोंडात टाकले. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दाणे थुंकले आणि त्या तशाच निघाल्या.

चिठ्ठीवाली पाच घरं त्यांनी पायांत चप्पल न घालता गाठली. प्रत्येक दारात एकच बोलणं. ‘म्या चुकले. कालचं धान्य शिजवू नका, मागारी द्या.’ दुष्काळात हातात आलेलं धान्य मागारी मागणं म्हणजे काय, हे ज्यानं तो दुष्काळ बघितलाय त्यालाच कळेल. एका घरात शिव्या खाल्ल्या. एका घरात दाराला आतून कडी लागली, तेव्हा त्या दाराशीच बसून राहिल्या. पण गिरणी बंद होती, म्हणून पाचही घरांत ज्वारी जशीच्या तशी होती, आणि पाचही घरांची त्यांनी परत आणली. सहावं घर आमचं.

मी दुपारी परतलो तर आमच्या दारासमोर ही गर्दी. गाडी रस्त्यातच सोडली. काय झालं ते गर्दीतूनच कानावर आलं. जाईबाई आल्या, पायरीखाली उभ्या राहून म्हणाल्या की पीठ खराब आहे, भाकरी करू नका. अव्वाला वाटलं, पीठ मागायची ही नवी तऱ्हा. ‘चल, म्होरं हो,’ असं म्हणून ती आत वळली. उघड्या दारातून चूल दिसत होती. चुलीशेजारी जगदेवी ताट घेऊन बसली होती आणि तिच्या हातात भाकरी होती.

जाईबाई पायरी चढल्या. माजघर ओलांडून सरळ चुलीपाशी गेल्या. जगदेवीच्या हातातली भाकरी ओढून घेतली, पिठाची परात चुलीतल्या राखेवर पालथी केली आणि वर घागर ओतली. मग जगदेवीचं डोकं मांडीवर धरून तिला मिठाचं पाणी पाजलं, उलटी होईपर्यंत.

मी आत शिरलो तेव्हा जगदेवी भिंतीला टेकून घामाघूम बसली होती. झोळीत पोरगी रडत होती. जाईबाई कोपऱ्यात उभ्या, कोपरापर्यंत हात पिठानं पांढरे. अव्वा दाराच्या चौकटीवर कपाळ आपटत होती. ‘बाळंतिणीच्या तोंडातला घास काढला हिनं. दुस्काळात परातभर पीठ राखंत घातलं. माझी चूल बाटवली.’

मला बघून जाईबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ‘वीरप्पा आले बगा. आता तुमी सांगा ह्यास्नी. ते धान्य खराब हाय. तुमी बी हात घालून बघितला व्हता, तुमाला बी फसवलं.’

माझी सुटका त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढं ठेवली होती. मी जगदेवीला विचारलं, ‘किती खाल्लंस?’ ती म्हणाली, ‘अर्धी भाकर.’ सगळं घर, सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, ‘आधी नर्सबाईला बोलवा.’

नर्सबाई आली. उलटी लवकर झाली हे बरं झालं, म्हणाली. संध्याकाळपर्यंत पोरीला अंगावर पाजू नका, संध्याकाळपर्यंत पुन्हा उलटी झाली नाही तर भीती नाही. म्हणजे अजून चार-पाच तास. अव्वानं तेवढ्यात शेण कालवायला घेतलं. लोक जाईबाईंना सोसायटीत घेऊन गेले, आणि बलभीमरावांनी मलाही बोलावणं धाडलं.

सोसायटीच्या खोलीत तीन-चार पंच गादीवर बसले होते. श्रीपतीला वाडीवरून उचलून आणलं होतं, तो दाराशी मुंडाशाचं टोक पिळत उभा. घरोघरचं परत आलेलं धान्य पुन्हा त्याच पोत्यात ओतून पोतं मधोमध ठेवलेलं. चूल सारवून झाल्यावर अव्वाही आली आणि भिंतीशी बसली. बलभीमराव वाईट माणूस नव्हते, पण दुष्काळानं त्यांनाही घाईवर आणलं होतं. रोज सकाळी दारात शंभर माणसं उभी.

‘जाईबाई,’ ते म्हणाले, ‘लक्ष्मम्माच्या पाया पड. चुलीचा विषय इथंच मिटवू.’

‘पाया पडते, मालक. पर ह्ये पोतं इकू नगा.’

‘श्रीपती, पावडर लावली होती का ह्याला?’

‘न्हाय जी. महादेवाची आन.’ श्रीपतीनं मान वर केली नाही.

बलभीमराव जाईबाईंकडं वळले. ‘काल तू डहाळा खोचलास. आज म्हणतेस, इख हाय. काल तुझी जीभ खोटी होती का आज खोटी हाय?’

त्या जिभेवर तीन वर्षं दुकान चाललं होतं, आणि आज तीच जीभ जाईबाईंच्या विरुद्ध साक्षीला उभी केली होती. त्या म्हणाल्या, ‘काल पडसं व्हतं. चव मेली व्हती. म्हणून म्या...’ आणि थांबल्या. माझ्याकडं बघितलं. माझं नाव घेतलं नाही.

मला वाटलं, त्या मला सांभाळून घेतायत. अनेक वर्षं मी तसंच समजत होतो. तसं नव्हतं. त्या वाट बघत होत्या. मी आपणहून पुढं येऊन सांगीन की हिनं मला विचारलं होतं, मी बघितलं होतं, अशी त्यांची खात्री होती. माणसाविषयी एवढी खात्री ठेवणं हा त्यांचा दोष म्हणायचा तर म्हणा.

‘चव मेली, चव जिती झाली,’ एक पंच म्हणाला. ‘म्हणून पोतंभर ज्वारी मातीत घालायची काय?’

बलभीमरावांनी निकाल दिला. जाईबाईंनी उद्यापासून येऊ नये. आणि पोतं विक्रीला लावावं. ‘वीरप्पा, तागडी घे. भायेर कोण चिठ्ठीवाला हाय, आत घ्या.’

एक म्हातारा आत आला. सुनेची चिठ्ठी होती त्याच्याकडं. सून परवा बाळंत झाली होती. त्यानं पिशवी उघडून धरली आणि डहाळ्याकडं बघितलं, तो अजून पोत्याच्या तोंडाशी होता, सुकलेला.

मी तागडी उचलली. मला माझी नोकरी दिसत होती, दुसरं काही नाही. बोललो तर उद्या खडी फोडायला जायचं, घरात बाळंतीण, म्हातारी आई, आणि हा मापाडी हातोडा घेऊन रस्त्यावर. नाही बोललो तर काय? जगदेवीला पुन्हा उलटी झाली असेल का, हे मला ठाऊक नव्हतं. पारड्यात ज्वारी ओतली. काटा हलत होता. म्हातारा म्हणाला, ‘बाबा, नीट जोख. दोनच किलो हाय.’

मी पारडं पोत्यात उलटं केलं.

‘पोतं तळाला ओलं होतं,’ मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. ‘पोतं ओलं होतं. धुतलेलं धान्य हाय. काल जाईबाईनं मला हात घालायला लावला होता. मला कळलं होतं. मी खडखडीत हाय म्हणून सांगितलं.’

बलभीमरावांनी उठून पोतं फरशीवर पालथं केलं. तळाचे दाणे अजून एकमेकांना धरून होते. त्यांनी मूठभर घेऊन दारातल्या उजेडात धरले. दाणा कणसाला जिथं चिकटलेला असतो, त्या टोकाच्या खळगीत बारीक गुलाबी राहिलं होतं. गोणीच्या शिवणीतही तोच रंग. पेरणीच्या बियाण्याला चोळायच्या पावडरीचा.

श्रीपती मटकन खाली बसला. ‘बी व्हतं जी. पेरणीच न्हाय झाली, घरात पडून व्हतं. तीन पाण्यानं धुतलं. दोन कोसावरनं पानी आणून धुतलं. मला वाटलं, जातंय समदं.’ तो रडायला लागला. त्याचा मला राग आला नाही. त्याला वाटलं होतं. मला कळलं होतं.

जाईबाई पोत्याकडं बघत नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या.

‘तुमाला काल ठावं व्हतं?’

मी मान डोलावली.

‘म्या ईचारलं व्हतं तुमाला,’ त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ‘सकाळधरनं दारोदार सांगत फिरले, म्या चुकले, म्या चुकले. पाच घरं, वीरप्पा. अनवाणी.’

हाताला वाळलेलं पीठ त्यांनी लुगड्याला पुसलं आणि त्या निघून गेल्या. पाया पडायची आठवण त्यांना कुणी केली नाही.

ते धान्य चुना टाकून पुरलं. दोन दिवसांनी बलभीमराव स्वतः वस्तीवर जाऊन जाईबाईंना परत घेऊन आले. पुढं बारा वर्षं त्यांनी ते काम केलं. पडसं झालं की त्या गावरानची विक्रीच बंद ठेवायच्या, मग चेअरमन येवो की तहसीलदार. माझी तागडी गेली. मला पोती उतरवायच्या कामावर ठेवलं, आणि ही बलभीमरावांची मेहरबानीच म्हणायची. बारा वर्षं आम्ही एका छपराखाली वावरलो. कामापुरतं त्या बोलायच्या. कुठल्याही पोत्यात हात घालून बघा, असं मात्र मला कधी म्हणाल्या नाहीत.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी अव्वा सोसायटीतून उठली ती माझ्यापुढं दहा पावलं चालत घरी आली. जगदेवीला पुन्हा उलटी झाली नव्हती. नर्सबाईनं येऊन बघितलं आणि पाजायला हरकत नाही म्हणाली. मी माजघरात जाऊन बसलो.

अव्वा चुलीपाशी बसली होती. चूल ओली होती, शेणानं गच्च सारवलेली. दुपारी तिनं खापराचा तवा फोडून परसात टाकला होता, माठातलं पाणी ओतून दिलं होतं, दुष्काळात. नवा तवा नव्हता, म्हणून चूल पेटली नव्हती. पोरगी पिता पिता मधेच आवाज करायची, तेवढाच काय तो घरात आवाज.

‘वीरप्पा,’ अव्वा म्हणाली. ‘ती बाई आत आली म्हणून म्या चूल सारवली. तवा फोडला.’

मी ओल्या चुलीकडं बघितलं.

‘आन् तू तर रोजच आत येतोस,’ ती म्हणाली. ‘आता म्या काय काय सारवू, सांग.’